शारदा उसाच्या फडात

तिसरी घंटा | सूत्रधार

नेपथ्य कमी करा म्हटलं, की आमच्याकडची तरुण दिग्दर्शक मंडळी लगेच परदेशी प्रयोगांचे दाखले देतात. एवढं लांब कशाला? १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, ते एका पडद्यावर आणि गाणाऱ्या सूत्रधाराच्या भरवशावर. रंगवलेले महाल आणि बागा नंतर आल्या.

खरी अडचण नाटक नव्या जागी नेण्यात आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांची ‘संगीत शारदा’ (१८९९) घ्या. माझ्या मनात ती बरीच वर्षं उसाच्या फडात उभी आहे. हंगामात बीडकडच्या टोळ्या कृष्णाकाठी उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्या कोयत्यावर मुकादमाकडून उचल. पोरीला मागे ठेवायची भीती, म्हणून शाळा सुटायच्या आत तिचं लग्न. रंगमंचावर एक पाल आणि चार मोळ्या पुरेत. लेकीच्या लग्नात पैसा बघणारा कांचनभट इथं सहज सापडतो, फक्त तो लोभापेक्षा उचलीपायी पोर देतो.

घोडं अडतं ते भुजंगनाथापाशी. पंचाहत्तरीचा नवरदेव होता म्हणून देवलांना हसवता आलं. फडातला नवरा वीस वर्षांचा, तोही उचलीत बांधलेला. त्याला काय हसायचं! मुकादमाला मिशा लावून खलनायक केलं की भागतं असं मानणाऱ्यांनी हे नाटक हातात घेऊ नये.

शेवटही बदलावा लागेल. मूळ नाटकात लग्न मोडतं ते वधू-वर सगोत्र निघाल्यामुळे. मुलीचं वय कुणाच्या आड येत नाही. आज २००६ चा कायदा आहे, गावात बालविवाह रोखायची जबाबदारी ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या ग्रामसेवकावर आहे. तो अधिकारीच पंगतीत जिलबी खात बसलेला दाखवा. देवलांना हा प्रवेश आवडला असता, असं मला उगाच वाटतं.

पदं मात्र ठेवा, ध्वनिमुद्रित साथ नको. पेटी-तबला समोर बसू दे. आणि पहिले प्रयोग मुंबईत नकोत. साताऱ्याचं शाहू कला मंदिर, सांगलीचं भावे नाट्यमंदिर इथं करा. पुढच्या रांगांत ऊसवाले बागायतदार आणि कारखान्याचे सभासद असतील. गाळलेला भुजंगनाथ कुठं बसलाय, हे त्यांचं त्यांना शोधू दे.