शमीवरील शस्त्रे आणि संगणकातील आज्ञावली

विजयादशमीस म्हैसूरच्या राजवाड्यापासून निघालेली हत्तींची मिरवणूक बन्नीमंटप येथे संपते. कन्नड भाषेत ‘बन्नी’ म्हणजे शमी. अज्ञातवासास जाताना पांडवांनी शमीवर शस्त्रे ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती जशीच्या तशी उतरवून घेतली, ही महाभारतातील कथा तेथील शमीपूजेमागे आहे. शस्त्रे दिसेनाशी झाली होती, नाहीशी झाली नव्हती. संगणकातून आज्ञावली काढून टाकणाऱ्याने नेमका हाच भेद ध्यानी घ्यावयास हवा, आणि आपल्या शाळांतून तोच शिकविला जात नाही.

१९९३ साली आरंभ झालेली ‘डेबियन’ ही मुक्त संगणकप्रणाली आणि तिच्या पायावर सी-डॅक या संस्थेने उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली यांत प्रत्येक आज्ञावली एका संचाच्या, म्हणजे पॅकेजच्या, रूपाने मिळते. मराठीसाठी ‘लोहित’ हा टंक हवा असल्यास काळ्या पटलावर ‘ॲप्ट इन्स्टॉल’ असे लिहून पुढे संचाचे नाव टंकावयाचे. त्या संचास आणखी कोणते संच लागतात, हे यंत्र स्वतःच शोधते. भांडाराच्या सूचीवरील स्वाक्षरी तपासते आणि आलेला माल त्या सूचीशी ताडून पाहते. बाजारातून आणलेल्या अनोळखी तबकडीपेक्षा हा मार्ग पुष्कळच निर्धोक होय.

काढताना मात्र दोन आज्ञा आहेत. ‘रिमूव्ह’ म्हटल्यास आज्ञावली जाते, पण तिची मांडणी सांगणाऱ्या धारिका मागे राहतात. पुन्हा तीच आज्ञावली बसविल्यास जुनी घडी परत मिळते. ही झाली शमीवरची ठेव. ‘पर्ज’ म्हटल्यास त्या धारिकाही जातात. तरीही वापरकर्त्याच्या स्वतःच्या दप्तरात जे साठले असेल त्याला ही आज्ञा सहसा हात लावत नाही. सामाईक संगणक दुसऱ्याच्या हाती सोपविणाऱ्या ग्रंथपालाने हे विसरू नये.

खरा धोका आहे तो न वाचता होकार देण्यात. २०२१ मध्ये कॅनडातील एका लोकप्रिय चित्रफीतकाराने ‘पॉप ओएस’ या प्रणालीवर ‘स्टीम’ हा खेळांचा संच बसवू पाहिला. भांडारातील एका चुकीमुळे यंत्राने त्यापायी पडद्यावरील सारी चित्रमय मांडणीच काढण्याचे ठरविले. यंत्राने तसा इशारा दिला, यादी दाखविली, संमतीचे अख्खे वाक्य टंकावयास सांगितले. त्याने ते टंकले आणि मांडणी गेली! पुढे ‘ॲप्ट’च्या कर्त्यांनी नुसते वाक्य टंकून अत्यावश्यक संच काढण्याची ही वाट बंद केली, हे योग्यच झाले, परंतु दहा ओळींची यादी वाचण्याची सवय कोणतीही सुधारणा लावू शकत नाही.

मुले यंत्र बिघडवतील, या भयाने अनेक शिक्षक काळे पटल झाकून ठेवतात. हे भय अगदीच निराधार नाही, पण त्यावर उपाय आज्ञेतच आहे. ‘ॲप्ट-गेट’ला ‘सिम्युलेट’ असा पर्याय जोडला, की काय येईल व काय जाईल याची यादी मिळते, प्रत्यक्षात मात्र काहीच हलत नाही. त्यासाठी व्यवस्थापकाचा परवलीचा शब्दही लागत नाही. आठवीच्या वर्गाने एक तासभर अशा याद्या काढाव्यात, एक संच काढल्यास त्याच्यासह आणखी कोणते संच जातात ते वहीत उतरवून घ्यावे; आणि मग शाळेतील एखाद्या जुन्या संगणकावर ती आज्ञा खरोखर चालवून वहीशी ताडून पाहावी.