पदकाआधीची वर्षे

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या समाजात गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मान्यवरांची भाषणे आणि शेवटी चहा-फराळ. एखाद्या मुलीने खेळात राज्यपातळीवर पदक मिळवले असेल तर तिचेही नाव पुकारले जाते, टाळ्या पडतात. हे सारे चांगलेच आहे. पण पदक मिळाल्यावर हजर असणारे आपण सगळे, पदकाआधीच्या लांबलचक वर्षांत कुठे असतो, हा प्रश्न आम्हाला नेहमी पडतो. त्या वर्षांत ती मुलगी आणि तिचे आईवडील बहुधा एकटेच असतात. या अंकात त्याच वर्षांविषयी लिहायचे आम्ही ठरवले. उदाहरण घेतले आहे ते कोल्हापूरच्या नेमबाज तेजस्विनी सावंत यांचे.

ऑगस्ट २०१० मध्ये जर्मनीतील म्युनिक येथे नेमबाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पन्नास मीटर रायफल प्रोन, म्हणजे जमिनीवर पालथे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात तेजस्विनी सावंत यांनी सुवर्णपदक जिंकले. नेमबाजीत जगज्जेती ठरलेली ही पहिली भारतीय महिला. साठ गोळ्या, सहाशे गुण. त्यांतले ५९७ त्यांनी मिळवले आणि जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. पन्नास मीटरवरच्या निशाणातील दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाचे असते. आपल्या शर्टाच्या बटणाएवढे म्हणा ना! साठ वेळा त्या बटणावर नेम धरायचा आणि सगळे मिळून तीनच गुण गमवायचे, ही काय चीज आहे याचा विद्यार्थ्यांनी जरूर विचार करावा. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांचे वडील वारले होते, हेही इथे सांगायला हवे.

आता या यशाच्या मागे-पुढे पाहू. तेजस्विनी यांचा जन्म १९८० चा. घरची परिस्थिती बेताची, आणि हा खेळ खर्चिक. रायफल परदेशी, गोळ्या महाग, अंगात घालायचा जाड कोटसुद्धा वेगळा शिवलेला. कोल्हापुरात जयसिंग कुसाळे यांच्याकडे त्यांनी धडे घेतले. २००६ साली मेलबर्नच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दोन सुवर्णपदके मिळवली. मग आले म्युनिक. इथवर वाचून कोणालाही वाटेल, की पुढची पायरी ऑलिंपिकच. पण ज्या प्रकारात त्या जगज्जेत्या झाल्या, तो महिलांचा प्रोन प्रकार ऑलिंपिकमध्ये नाहीच! तिथे जायचे तर दुसऱ्या प्रकारात, म्हणजे गुडघा टेकून, झोपून आणि उभे राहून अशा तिन्ही स्थितींत नेम साधावा लागतो, किंवा दहा मीटर एअर रायफलमध्ये उतरावे लागते. जगज्जेतेपदानंतर पुन्हा निवड चाचण्या, पुन्हा नवी तयारी. २०१२ चे लंडन गेले, २०१६ चे रिओ गेले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी थ्री पोझिशनमध्ये सुवर्ण आणि प्रोनमध्ये रौप्य जिंकले. २०१९ मध्ये दोहा येथे भारतासाठी ऑलिंपिकची जागा मिळवली. आणि २०२१ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, टोकियोत त्या पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरल्या.

तिथे त्यांना अंतिम फेरी गाठता आली नाही. वृत्तपत्रांनी ती बातमी दोन ओळींत संपवली. आमच्या मते मात्र म्युनिक ते टोकियो ही अकरा वर्षे त्या सुवर्णपदकाइतकीच मोलाची आहेत. एकदा जगात पहिले आल्यानंतर पुन्हा रोज सकाळी उठून रांगेत उभे राहायला जे बळ लागते, ते कोणत्याही शाल-श्रीफळातून येत नाही.

शितावरून भाताची परीक्षा करायची नसेल तर आणखी काही नावे पाहू. अंजली भागवत, माहेरच्या वेदपाठक, मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना एनसीसीतून या खेळाकडे वळल्या. संजय चक्रवर्ती त्यांचे पहिले गुरू. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये वाइल्ड कार्डवर गेलेल्या अंजलीताई थेट अंतिम फेरीत पोहोचल्या. नेमबाजीत असे करणारी ती पहिली भारतीय महिला. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके मिळवली आणि त्याच वर्षाचा राजीव गांधी खेलरत्न पुरस्कार त्यांना मिळाला. पनवेलच्या सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे गुण मिळवले. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली अवनी लेखराने पॅरालिंपिक सुवर्ण जिंकले. दीपाली देशपांडे अथेन्स ऑलिंपिक खेळल्या, नंतर प्रशिक्षक झाल्या, आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हा त्यांचा शिष्य. कोल्हापूरच्याच राही सरनोबतने शाळेत असताना तेजस्विनीचे २००६ चे यश पाहिले आणि पिस्तूल हाती घेतले. २०१३ साली कोरियातील चांगवॉन येथे ती विश्वचषकात पिस्तूल प्रकाराचे सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय ठरली. मधल्या काळात कोपराच्या दुखापतीने ग्रासले, तरी २०१८ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकले.

या नावांत एक साखळी दिसते. एक जण खेळली, तिला पाहून दुसरी आली, पहिलीने तिसरीला शिकवले. या साखळीची पहिली कडी बहुतेक ठिकाणी शाळा-महाविद्यालयाचे मैदान किंवा एनसीसीचे पथक आहे. आपल्या शेजारच्या आणंद जिल्ह्यातील लज्जा गोस्वामीही एनसीसीतूनच पुढे आल्या. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तेजस्विनी सावंत यांच्या जोडीने त्यांनी थ्री पोझिशनचे रौप्यपदक मिळवले. कोल्हापूर आणि आणंद! म्हणजे ‘हे सारे मोठ्या शहरांतले, आपल्याकडे कुठले’ असे बडोदेकरांनी म्हणायला जागा नाही.

याच खेळातला ट्रॅप हा प्रकार आणखी अवघड. शॉटगन खांद्याला लावायची, ‘पुल’ म्हणून हाक द्यायची, आणि जमिनीतल्या खंदकातून ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने उडालेली वीतभरही नसलेली तबकडी हवेतच फोडायची. ती कोणत्या कोनातून येईल हे आधी ठाऊक नसते. या शॉटगन खेळांत स्त्रियांची वाट कशी अडवली गेली हे मुलींनी मुद्दाम वाचावे. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट प्रकारात स्त्री-पुरुष एकत्र खेळत. तिथे चीनच्या झांग शान यांनी पुरुषांना मागे टाकून सुवर्ण जिंकले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये त्या स्पर्धेत स्त्रियांना प्रवेशच उरला नाही. महिलांचे ट्रॅप आणि स्कीट ऑलिंपिकमध्ये आले ते २००० साली. तरी आपल्या मुली तिथेही पोहोचल्या. सीमा तोमर यांनी २०१० मध्ये ट्रॅपमध्ये विश्वचषकाचे रौप्य मिळवले, शगुन चौधरी २०१२ मध्ये लंडनला खेळल्या, आणि श्रेयसी सिंह २०२४ मध्ये पॅरिसला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे मैदानावरची मुलगी बहुधा नववीच्या उन्हाळी सुट्टीत हरवते. “यंदा दहावी आहे, खेळ पुढच्या वर्षी” असे घरात ठरते, ट्यूशन सुरू होते आणि ते पुढचे वर्ष कधीच उगवत नाही. मुलग्यांच्या बाबतीतही हे होते, पण मुलींच्या बाबतीत दार अधिक लवकर बंद होते. संध्याकाळचा सराव, एकटीचा प्रवास, उन्हात रापलेला चेहरा, अशी अनेक कारणे पुढे येतात. नऊ रात्री गरबा खेळून सकाळी शाळेत येणाऱ्या आमच्या मुलींत दम कमी आहे असे कोण म्हणेल?

पालकांची काळजी आम्ही झटकून टाकत नाही. बंदुकीचे नाव काढले की आई दचकणारच. पण रेंजवरची शिस्त कडक असते. शिक्षकांच्या आज्ञेशिवाय हत्याराला हात लावता येत नाही आणि नळीचे तोंड निशाणाकडून हलवता येत नाही. खर्चाची काळजी खरी आहे, आणि तो भार एकट्या घराने का सोसावा, हाच तर आमचा प्रश्न आहे. राहिला यशाचा भरवसा. तो कोणी देऊ नये. शंभर मुली खेळल्या तर नव्याण्णव जणींना ऑलिंपिक दिसणार नाही. त्यांना मिळेल ते वेगळे: श्वास रोखून मन एका ठिकाणी आणण्याची सवय, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येण्याची सवय. परीक्षेच्या खोलीतही या सवयी उपयोगी पडतात.

विश्वस्त मंडळाला आमची तीन मागण्यांची विनंती आहे. पहिली, सत्काराच्या खर्चातला काही भाग बाजूला काढून एक लहानसा क्रीडा निधी उभारावा आणि तो पदक पाहून न देता, सलग दोन वर्षे नियमित सराव करणाऱ्या मुलीला प्रवास, प्रवेश शुल्क आणि साहित्य यांसाठी द्यावा. दुसरी, स्पर्धेला गेलेल्या विद्यार्थिनीची हजेरी धरावी आणि तिची बुडालेली चाचणी नंतर घ्यावी. त्यासाठी तिच्या पालकांना वर्गोवर्गी हात जोडत फिरावे लागू नये. तिसरी, एनसीसी आणि मैदानाचा तास नववी-दहावीच्या वर्गांना कमी करू नये. गणिताच्या जादा तासासाठी खेळाचा तास घेणे सोपे असते, कारण खेळाच्या तासाच्या बाजूने कोणी तक्रार करायला येत नाही.

यात आम्ही काही नवे मागत नाही. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्यात मुलीही होत्या, आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. त्या काळीही ‘मुलीला शाळा कशाला’ असे विचारणारे होतेच. ज्या शहरात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले, त्या शहरातल्या मराठी शाळेने मुलींच्या खेळाचा तास राखण्यासाठी कोणाची वाट पाहावी? आज दंड नको; घरातून आणि शाळेतून एक होकार पुरे आहे.

विद्यार्थिनींनो, तुम्हाला रायफलच हाती घ्या असे आम्ही सांगत नाही. खो-खो असो, पोहणे असो, मल्लखांब असो. जे आवडते ते नववीच्या सुट्टीत सोडू नका. आणि पालकहो, विश्वस्तहो, पुढच्या सत्काराला टाळ्या वाजवण्याआधी एकदा सकाळी मैदानावर या. तिथे आज कोण कोण सराव करत आहे, ते पाहा आणि त्यांची नावे विचारून घ्या.