पुळ्याला गेलो, निघोज राहिलंच!

मैत्रिणींनो, मे महिन्यात आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो. जेवण वाढता वाढता तिथल्या काकूंनी सहज विचारलं, "तुमच्या नगरकडे पाहण्यासारखं काय हो?" मी म्हटलं, "शिर्डी." पुढे काही सुचेना! शाळेत भूगोल शिकवणारी मी, मनातून अगदी ओशाळले.

परतल्यावर पहिल्याच रविवारी दशम्या-चटणी बांधून घेतली आणि पारनेर तालुक्यातलं निघोज गाठलं. तिथे कुकडीच्या पात्रात काळ्या खडकाला लहान-मोठे रांजण पडलेत. कुणी कोरले म्हणाल? पाण्यानंच! भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षं गरगरत राहिले नि खडक झिजवत गेले. आपलं जातंच म्हणा ना! काठावर मळगंगेचं देऊळ आहे. ओटी भरून मगच खाली उतरलो.

तुम्हीही जरूर जा, पण पाऊस ओसरल्यावर. पात्रात पाणी सोडलंय का, हे आधी गावात विचारा. खळगे खोल नि कडा निसरड्या. तेव्हा मुलांचा हात सोडू नका. पिण्याचं पाणी घरूनच न्या.

आता कुणी विचारलंच, तर शिर्डीच्या जोडीला निघोजही सांगाल ना?