गल्ल्यावर कोण बसणार?

आमच्या वाडवडिलांना हॉटेलात वेगळी कपबशी मिळत असे. चहा प्यायचा, स्वतःच ती विसळायची आणि बाहेर कोनाड्यात ठेवायची. संविधानाच्या कलम 15 (2) ने हॉटेलचे दार उघडले, 1955 च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अडविणाऱ्याला गुन्हेगार ठरविले. आज आमची मुले सात रस्त्यावर बसून कॉफी पितात, याचा आनंदच आहे. परंतु गल्ल्यावर कोण बसले आहे, हा प्रश्न उरतोच.

अलीकडे चहा-कॉफीच्या फ्रँचायझीचे करारनामे घेऊन समाजातील तरुण आमच्याकडे येतात. एकाने वडिलांची सारी ग्रॅच्युइटी भरली होती. कंपनीशी करार पाच वर्षांचा आणि जागेचा लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा, तोही साध्या कागदावर! बाराव्या महिन्यात मालकाने जागा खाली करा म्हटले तर फर्निचर काय डोक्यावर घेऊन फिरायचे? 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम 55 सांगते की असा करार लेखी व नोंदणीकृतच हवा. हे सही करण्यापूर्वी कोणी विचारले नाही.

मोठ्यांचेही असेच होते. कॅफे कॉफी डेचे पहिले दुकान 1996 साली बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर निघाले. 2019 पर्यंत दुकाने सतराशेच्या वर गेली. मळे घरचे, कॉफी घरची. परंतु समूहावरील कर्ज सात हजार कोटींच्या पुढे गेले आणि जुलै 2019 मध्ये संस्थापक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा मृतदेह नेत्रावती नदीत सापडला. पुढे त्यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी दुकाने कमी करून, मालमत्ता विकून कर्ज उतरविले. गिऱ्हाईक होते, नाव होते. कर्जाच्या बळावर वाढलेला पसारा मात्र पेलला नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाऊस बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामावरून निघालेल्या वेटर-आचाऱ्यांनी 1957 पासून सहकारी संस्था काढल्या. त्यातून इंडियन कॉफी हाऊस उभे राहिले. तिथे वेटरच मालक झाला आणि साठ वर्षे उलटली तरी केरळात ती चालू आहेत.

सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. गिरण्यांत आमच्या बापजाद्यांनी घाम गाळला. भोंगा थांबला तेव्हा हाती काय राहिले? मालकीत वाटा नव्हता.

म्हणून आमचे म्हणणे असे : वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा जणांनी मिळून सहकारी संस्था नोंदवावी. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटचा प्रवासी जिथे उतरतो त्या स्टेशन-एसटी स्टँडच्या परिसरात एकच दुकान काढावे. तीन वर्षे रोजचा हिशेब लिहावा. नफ्यातून गंगाजळी साठली तरच दुसरे दुकान. पहिले गहाण टाकून नव्हे. दुसऱ्याच्या पाटीला पैसे मोजण्यापेक्षा आपले नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवावे. ती नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरणही होते. योजना दहा वर्षांचीच करा.

तोवर एक विनंती. आई-वडिलांचा पैसा गुंतविण्यापूर्वी करारनामा समाजातील कोणत्याही वकिलाला दाखवा. आमच्याकडे आणलात तर फी घेणार नाही.

जयभीम!