शेवाळ, शिट्टी आणि सबुरी

बहामा बेटांलगतच्या समुद्रात ऑगस्ट २०१३ मध्ये डेनिस हर्झिंग यांच्या कानात एक शब्द उमटला : ‘सरगॅसम’. जवळ पोहणाऱ्या डॉल्फिनने शिट्टी घातली होती आणि हर्झिंग यांनी अंगावर बांधलेल्या संगणकाने ती ओळखून तिच्यासाठी ठरवलेला शब्द ऐकवला होता. सरगॅसम म्हणजे त्या समुद्रावर तरंगणारे तपकिरी शेवाळ. काही महिन्यांनी ही बातमी जगभर पोहोचली ती ‘डॉल्फिनची भाषा उलगडली’ अशा थाटात. एप्रिल २०२५ मध्ये गूगलने ‘डॉल्फिनजेमा’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप जाहीर केले तेव्हाही मथळ्यांचा सूर तोच होता. आता डॉल्फिनशी गप्पा मारायचेच काय ते बाकी, असा भाबड्या वाचकाचा समज व्हावा!

मुळात घडले ते बरेच लहान होते. ती शिट्टी डॉल्फिनची नव्हेच. संशोधकांनी ती संगणकावर तयार केली होती. डॉल्फिनच्या रोजच्या आवाजांत नसलेली, पण त्यांना सहज काढता येईल अशी. शेवाळाला एक, गळपट्ट्याला दुसरी, दोरीला तिसरी. यंत्राला डॉल्फिनच्या तोंडून ऐकू आली ती माणसाने बनवलेली शिट्टी, आणि तीही एकदाच. तिचा चढउतार मूळ शिट्टीसारखा होता, पट्टी मात्र वरची. आता ही नुसती नक्कल होती, शेवाळ हवे अशी मागणी होती की निव्वळ योगायोग? एका शिट्टीवरून याचा निकाल लागत नाही. हर्झिंग यांच्या चमूने मोठा दावा केला नाही. दाव्याची हौस इतरांनी भागवली.

तरीही या प्रयोगात शेवाळच का निवडले, हे समजून घेण्यासारखे आहे. हे सरगॅसम तळाशी कधी रुजत नाही. हवेच्या लहान फुग्यांवर ते जन्मभर तरंगत राहते. अटलांटिक महासागरातले ठिपकेदार डॉल्फिन त्याच्याशी खेळतात. हात नाहीत, म्हणून एकजण त्याची फांदी चोचीत धरतो, पोहता पोहता ती बाजूच्या परावर घेतो, तिथून शेपटीवर अडकवतो आणि सोडून देतो. मागचा ती झेलतो. कधी एकजण ती घेऊन पळतो आणि बाकीचे पाठलाग करतात. मैदानावरच्या पोरांना हा खेळ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पाण्यात उतरलेल्या माणसासमोरही ते शेवाळ आणून टाकतात आणि तो उचलतो का, ते पाहतात. म्हणजे संवादाची पहिली खेळी डॉल्फिनचीच होती. ज्या वस्तूत त्यांना आधीच रस आहे, तिला नाव देणे हाच शहाणपणाचा मार्ग होता.

पण खेळ हा खेळच आहे, हे तरी कशावरून ठरवायचे? ॲमेझॉनच्या खोऱ्यातले ‘बोटो’ हे गोड्या पाण्यातले डॉल्फिनही तोंडात गवत, काटक्या, मातीची ढेकळे घेऊन मिरवतात. तिथे वर्षानुवर्षे निरीक्षण केल्यावर दिसले, की हे करणारे बहुतेक प्रौढ नर असतात, आसपास माद्या असतात आणि अशा वेळी नरांत मारामाऱ्याही जास्त होतात. तो खेळ नव्हे, तर मिरवणे. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमधले काही डॉल्फिन तळ उकरताना खरचटू नये म्हणून चोचीवर चक्क समुद्री स्पंज चढवतात. पाहणाऱ्याला तिन्हीकडे दिसते ते एकच : तोंडात काहीतरी धरलेला डॉल्फिन. अर्थ मात्र तीन. फरक कळायचा तर तो डॉल्फिन कोण, नर की मादी, वय काय, सोबत कोण आणि आधी काय घडले, हे ठाऊक असावे लागते.

हर्झिंग यांचे खरे काम इथे आहे. १९८५ पासून त्या दर उन्हाळ्यात याच समुद्रात जातात. पाणी नितळ आहे, म्हणून कोण काय करतो हे पाण्याखाली थेट दिसते. डॉल्फिनना पकडायचे नाही, डांबायचे नाही, खाऊ देऊन सवय लावायची नाही. पिल्ले बिनठिपक्यांची जन्मतात आणि वयाबरोबर ठिपके वाढत जातात, त्यामुळे वयाचा अंदाज येतो आणि ओळखही पटते. पाहता पाहता पिल्लांच्या आया झाल्या, आज्या झाल्या. प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत कोणी, कोणासमोर, काय करताना आवाज काढला, याची नोंद आहे. आई आणि पिल्लू एकमेकांना शोधताना आपापली खास शिट्टी, जवळजवळ नावच, वापरतात. भांडणात आवाज कर्कश होतात.

शिट्टी शिकवण्याची रीतही अशीच निरीक्षणातून आली आहे. दोन पाणबुडे डॉल्फिनसमोर आपसातच खेळतात. एकजण यंत्रातून शेवाळाची शिट्टी वाजवतो आणि दुसरा त्याला शेवाळ देतो. डॉल्फिनने पाहावे आणि वाटल्यास सामील व्हावे. आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स या करड्या पोपटाला शब्द शिकवले ते याच धाटणीने.

याच्या उलट घाई केली की काय होते, याचा धडा जुना आहे. १९६०च्या दशकात जॉन लिली यांनी येत्या दहा-वीस वर्षांत माणूस दुसऱ्या प्रजातीशी संवाद साधेल असे भाकीत केले. नासाचा पैसा मिळाला, सेंट थॉमस बेटावर डॉल्फिनला इंग्रजी शिकवण्याचा घाट घातला गेला, काहींना एलएसडीही टोचले गेले. हाती काही लागले नाही. उलट डॉल्फिनच्या संवादावर काम करणे म्हणजे वेडेपणा, असा शिक्का बसला आणि पुढच्या गंभीर संशोधकांना तो बराच काळ वागवावा लागला.

डॉल्फिनजेमाकडे याच नजरेने पाहायला हवे. सुमारे ४० कोटी पॅरामीटर असलेले हे प्रारूप मोबाइल फोनवर चालते. मोबाइलवर लिहिताना पुढचा शब्द सुचवला जातो, तसे ते एका आवाजानंतर पुढचा कोणता येईल याचा अंदाज बांधते. काम मोलाचे आहे. माणसाचा कान २० किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो, डॉल्फिनचे आवाज १०० किलोहर्ट्झच्याही पुढे जातात. इतक्या कल्लोळातून पुन्हा पुन्हा येणारे नमुने शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. पण पुढचा आवाज ओळखणे म्हणजे त्याचा अर्थ कळणे नव्हे. अर्थ लागलाच, तर तो त्या चाळीस वर्षांच्या नोंदवह्यांच्या आधारे लागेल. यंत्र काही महिन्यांत बनते, नोंदवही बनत नाही. पैसा आणि टाळ्या मात्र यंत्राच्या वाट्याला येतात, हे विज्ञानाच्या सध्याच्या व्यवहाराला शोभणारे नाही.

कोकणात परिस्थिती आणखी अवघड आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत दिसतात ते मुख्यतः पाठीवर उंचवटा असलेले हम्पबॅक डॉल्फिन. पाणी गढूळ, त्यामुळे बहामासारखे पाण्याखालून पाहणे नाही. होडीतून पाठीवरच्या परांची छायाचित्रे काढायची आणि परावरच्या खाचांवरून एकेकाला ओळखायचे, एवढाच मार्ग. आणि पर्यटकांच्या होड्या कळपामागे धावू लागल्या, की तेवढेही साधत नाही.

शिवाय समुद्र थांबून राहत नाही. शेवाळाची शिट्टी ऐकू आली त्याच २०१३ मध्ये हर्झिंग यांच्या ओळखीच्या डॉल्फिनपैकी जवळपास निम्मे आपली जागा सोडून सुमारे १६० किलोमीटर दक्षिणेला, बिमिनीजवळ गेले. तिथे त्याच जातीचा दुसरा कळप आधीपासून होता. कोण कुठे गेले, कोण कोणात मिसळले, हे सांगता आले ते ठिपक्यांच्या जुन्या नोंदींमुळे.