खाऱ्या वाऱ्यांतील कुंपणें, ओटे व मांडव

पावसाळा सरून जमीन वाफशावर आली, म्हणजे नंदाखाल, आगाशी, राजोडी, नाळे या पट्ट्यांतील बागाईतदारांस एक काम दरसाल चुकत नाहीं. तें म्हणजे कुंपणाची पाहणी. कोठें डांब कललेला असतो, कोठें तार तुटलेली असते, कोठें तोंडलीचा मांडव एका बाजूस बसलेला असतो. आणि मग घरांत तोच प्रश्न निघतो कीं, या खेपेस काय घालावें म्हणजे पुन्हां दहा वर्षें पाहावें लागणार नाहीं? यास दुकानदार जें उत्तर देतो, तें सामानाच्या नांवाचें असतें. सिमेंटचा खांब घ्या, लोखंडी नळ घ्या, सागवान घ्या, किंवा हल्लींच्या रिवाजाप्रमाणें भुसा व प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी घ्या. माझें म्हणणें असें आहे कीं, उत्तर सामानाच्या नांवांत नसून खांबाच्या बुडाशीं आहे. आणि दुसरें असें कीं, जें कुंपण सर्वांत टिकाऊ म्हणून आपण बांधूं लागलों आहों, ती बंद भिंत या गांवांस सर्वांत महाग पडत आहे.

प्रथम स्वतःची फजिती सांगतों. सन २०११ मध्यें मीं आमच्या वाडीच्या पश्चिम अंगास सिमेंटचे चाळीस खांब रोवून कांटेरी तार ओढली. खांब कोठून आणले तें सांगण्याचें कारण नाहीं. तसले खांब तेव्हां सर्वत्र मिळत व आजही मिळतात. आठव्या वर्षीं खांबांच्या कोपऱ्यांवर उभ्या चिरा दिसूं लागल्या, पुढें सिमेंटचीं ढलपीं गळून आंतील सळई उघडी पडली, आणि ता. १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ या किनाऱ्यासमोरून गेलें, त्या दिवशींच्या वाऱ्यांत तेवीस खांब जमिनीलगत मोडले. खारा ओलावा सिमेंटांत मुरून सळईपर्यंत पोंचला, कीं सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, आणि ती जागा तो सिमेंट फोडून घेतो. किनारपट्टींतील उघड्या कामासाठीं सळईवर ४५ मिलिमीटर, म्हणजे सुमारें पावणेदोन इंच, सिमेंट-काँक्रीटचें आवरण असावें, असें इमारतींच्या कामाचें भारतीय मानक (आय. एस. ४५६, सन २०००) सांगतें. आतां आपला खांब असतो चार इंच जाडीचा. दोन्ही बाजूंनीं पावणेदोन इंच सोडले, तर मध्यें उरला अर्धा इंच! त्यांत चार कोपऱ्यांच्या चार सळया कशा बसणार? वर त्यांत खाडीची रेती न धुतां पडली असेल, तर मीठ बाहेरून येण्याची वाट पाहण्याचीही गरज नाहीं. हा साधा हिशेब, जन्मभर दुसऱ्यांच्या गुंठ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसाला, चाळीस खांब घेतल्यावर सुचला.

लांकडाची गोष्ट निराळी वाटली तरी मूळ एकच आहे. लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस ओलावा व हवा हीं दोन्ही लागतात. खोल मातींत हवा नाहीं, आणि वर उन्हांत ओलावा टिकत नाहीं. दोन्ही एकत्र मिळतात तीं जमिनीच्या पृष्ठालगत, चार बोटें वर व वीतभर खालीं. म्हणून जुना डांब उपटून पाहावा, तर वरचा भाग खणखणीत, अगदीं तळाचें टोंक बरेंच शाबूत, आणि मधला गळा मात्र वाळवीनें व कुजीनें खाल्लेला, असें दिसतें. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेंत लांकडाची परीक्षा याच रीतीनें होते. खुंट अर्धे जमिनींत गाडून ते किती महिने टिकतात तें मोजतात, आणि १२० महिने व त्याहून अधिक टिकणारें तें पहिल्या वर्गाचें, ६० ते १२० महिन्यांचें दुसऱ्या, व त्याखालील तिसऱ्या वर्गाचें मानतात. सागवान पहिल्या वर्गांत येतें खरें. पण तें त्याच्या गाभ्यापुरतें. सालीलगतच्या फिकट लांकडास हा मान नाहीं. हल्लीं बाजारांत येणाऱ्या कोंवळ्या लागवडीच्या सागाच्या वाशांत निम्मेंशिम्में फिकट लांकूडच असतें, आणि आपण दाम देतों तें सागवान या नांवाचें. वासा घेतांना त्याचें कापलेलें टोंक उजेडांत धरून पाहिल्यावांचून सौदा करूं नये. खैराचा डांब जुन्या लोकांस प्रिय होता व तो तितकाच टिकाऊ. मात्र खैर काय किंवा साग काय, स्वतःच्या मालकीचें झाड असलें तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणें परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. खाडीकांठचीं तिवरें तोडण्यास तर उच्च न्यायालयानें २००५ सालीं सर्व राज्यांत मनाई केली आहे. सबब कुंपणासाठीं तिवराचें लांकूड ही गोष्ट आतां विसरलेली बरी. सुरूचे वासे सरळ व स्वस्त मिळतात, पण जमिनींत पुरल्यास ते फार दिवस साथ देत नाहींत. बांबू तर मातींत एक ते तीन वर्षांचाच सोबती. वेलींच्या मांडवास तो ठीक, कारण तो मांडव तसाही मोडून पुन्हां घालावयाचा असतो. बांबू पावसाळ्यानंतर तोडून कांहीं आठवडे पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे त्यांतील पिठूळ अंश निघून जाऊन भुंगा कमी लागतो.

लांकडास औषध देण्याची एक रीत आपल्याच देशांत निघाली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. तांबें, क्रोम व सोमल यांच्या क्षारांचा मसाला १९३३ सालीं डेहराडून येथेंच सोंती कामेशन यांनीं सिद्ध केला, आणि तो पुढें जगभर विजेच्या खांबांस व कुंपणांस वापरला गेला. परंतु त्यांतील सोमलामुळें अमेरिकेंत घरगुती कामाच्या लांकडांस तो देणें २००३ च्या अखेरीस बंद झालें. सबब मसाल्याचें लांकूड कोणी आणून दिल्यास कोणता मसाला तें विचारावें. सोमलाचें लांकूड भाजीच्या मांडवास अगर मुलें बसतात त्या बाकास लावूं नये, व त्याचे तुकडे चुलींत तर कदापि घालूं नयेत. तांब्याच्या क्षारानें साधे खिळेही लौकर खाल्ले जातात, हेंही ध्यानांत असावें.

मग करावें काय? आपल्या जुन्या घरांकडे पाहावें. पडवीचा लांकडी खांब कोणत्याही सुतारानें मातींत पुरलेला नाहीं. तो दगडी तळखड्यावर उभा आहे. म्हणूनच आज्यापणज्यांचे खांब अद्याप उभे आहेत. कुंपणाच्या फाटकास, गोठ्याच्या पुढील छपरास, विहिरीवरील मांडवास हीच युक्ति लावावी. मातींत जाईल तो दगड. लांकूड किंवा लोखंड जमिनीपासून निदान वीतभर वर, दगडांत बसविलेल्या पट्टीस बोल्टानें जखडलेलें. असा खांब कुजला तर चार बोल्ट सोडून एका सकाळींत बदलतां येतो. लांकूड सिमेंटांत गाडण्याची जी चाल पडली आहे ती सर्वांत वाईट. लांकूड आटतें, सिमेंट व लांकूड यांमध्यें फट पडते, आणि त्या फटींत पाऊसभर पाणी उभें राहतें. कर्नाटकांत बंगळूरकडे द्राक्षमळ्यांस व शेतांच्या कुंपणांस ग्रॅनाइटचे उभे चिरेच रोवितात. आपल्याकडे काळ्या दगडाचे तसे चिरे मिळाले तर वाहतुकीचा खर्च सोसूनही घ्यावे. खांबाचें वरचें टोंक उतरतें कापावें. कापलेल्या टोंकांतून लांकूड अंगापेक्षां कितीतरी अधिक पाणी पितें, म्हणून तेल अगर डांबर द्यावयाचें तें प्रथम टोंकांस. काजूच्या टरफलाचें तेल यास उत्तम. होड्यांसही तें लावीत आले आहेत.

लोखंडाविषयीं एकच गोष्ट सांगतों, कारण ती प्रथम मलाही खोटी वाटली होती. पावसांत उघड्या असलेल्या जाळीपेक्षां छपराच्या आडोशास असलेली जाळी व बिजागरी पुष्कळदां आधीं गंजते. उघड्या लोखंडावरील मीठ पाऊस धुऊन नेतो. आडोशाचें तसेंच सांठत जातें, व मीठ हवेंतील ओलावा ओढून लोखंड सदा दमट ठेवतें. सबब उन्हाळ्यांत महिन्या दोन महिन्यांनीं पडवीच्या जाळ्या, फाटकाच्या कड्या व पत्र्यांचे बोल्ट गोड्या पाण्यानें धुवावे. रंगाच्या डब्यापेक्षां ही बादली स्वस्त आहे.

समुद्राकांठच्या विश्रामगृहांपुढें व नव्या बंगल्यांपुढें फळ्यांचा ओटा घालण्याची हौस आतां आमच्या गांवांपर्यंत आली आहे. त्यास डेक म्हणतात. माझ्या मतें ज्याच्या दारीं दगडी जोत्याचा ओटा आहे त्यास डेकची गरज नाहीं. तरी शहरांत राहणाऱ्या मुलांचा आग्रह पडलाच, तर फळ्यांमध्यें पाणी निथळेल व वारा खेळेल इतकी फट ठेवावी, खालील तुळया मातीस टेकूं देऊं नयेत, आणि स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस पोलादाचे घ्यावे. त्यांत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतें, व खाऱ्या हवेंत नेहमींच्या ३०४ पेक्षां तें अधिक तगतें. भुशाची व प्लास्टिकची फळी कुजत कमी, पण उन्हांत तापून पायास चटके देते व वाढते, आणि तुळया दूर असल्यास लवते.

आतां मुख्य गोष्ट. कुंपणांत मातींत पुरलेलें लांकूड कुजूं नये असा एकच खात्रीचा उपाय आहे, तो म्हणजे तें जिवंत असावें. वई म्हणजे मागासलेपण, अशी समजूत गेल्या तीस-चाळीस वर्षांत झाली. परंतु भेंडाची अगर गिरिपुष्पाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर रोवली, तर ती मूळ धरते व दरवर्षीं अधिक मजबूत होते. असें दुसरें कोणतें कुंपण आहे? भेंड तर समुद्रकांठचेंच झाड. खाऱ्या वाऱ्याचें त्यास भय नाहीं, व जुनें झाल्यावर त्याचें लांकूडही उपयोगी पडतें. मधल्या जागेंत निर्गुडी लावावी, ती गुरें खात नाहींत. जेथें रानडुकराचा अगर चोराचा उपद्रव आहे तेथें सागरगोटा. शेर लौकर वाढतो, पण त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास फार इजा होते. मुलांच्या वाटेवर नको. पांगारा पूर्वीं पानवेलीच्या आधारासाठीं येथें घरोघर असे. परंतु पानांवर व शेंड्यांवर गांठी आणणारी बारीक माशी या शतकाच्या आरंभीं देशांत आल्यापासून त्याचा भरंवसा राहिला नाहीं. तार बांधावयाची असल्यास जिवंत खोडास खिळा न मारतां सैल वेढा द्यावा, व दरसाल तो सोडून पाहावा.

वईविरुद्ध तक्रारी आहेत, व त्या खोट्या नाहींत. ती तीन फूट जागा खाते. वर्षांतून दोनदां छाटावी लागते, व छाटणारा मजूर मिळत नाहीं. पहिलीं दोन वर्षें तिलाच राखण लागते. आणखी एक दोष मीं तहसील कचेरींत कारकुनी करीत असतां वारंवार पाहिला, तो असा कीं वई चालते. एका अंगास छाटली व दुसऱ्या अंगास वाढूं दिली, कीं वीस वर्षांत ती हातभर शेजाऱ्याकडे सरकलेली असते, आणि मग भावाभावांचीं प्रकरणें कचेरींत येतात. म्हणून आधीं भूमि अभिलेख खात्याकडून मोजणी करून हद्दीचे दगड पक्के करावे, व वई त्या दगडांच्या आंत, आपल्या जागेंत लावावी. हद्दीच्या खुणा सांभाळणें ही कायद्यानेंही खातेदाराचीच जबाबदारी आहे.

भिंतीस या तक्रारी नाहींत. म्हणून जो तो भिंत घालतो. पण जुलै २०१८ मध्यें काय झालें तें आठवावें. वसई-विरारमध्यें दिवसचे दिवस पाणी उभें राहिलें, वसईच्या मिठागरांतील वस्ती पाण्यानें वेढली गेली, ता. १० जुलै रोजीं आगगाड्या बंद पडल्या. त्यास मोठीं कारणें अनेक होतीं, बुजलेले नाले व खाड्यांवरील भराव हीं त्यांतलींच. परंतु वाडीवाडींतून जें पाणी गडग्याच्या फटींतून, वईच्या बुडांतून आपल्या वाटेनें खाडीकडे जात असे, तें अडविण्याचें काम आम्ही आमच्या हातांनीं केलें आहे. एका भिंतीनें कांहीं होत नाहीं. शंभर भिंतींनीं प्रत्येक वाडीचें तळें होतें. केळीच्या मुळ्या चार दिवस पाण्यांत राहिल्या कीं काय होतें तें वाचकांस सांगावयास नको.

ज्यांच्या शेतांत शेजाऱ्याच्या भिंतीमुळें पाणी कोंडतें, त्यांनीं एक गोष्ट जाणून असावी. मामलेदार न्यायालयांचा १९०६ चा कायदा अद्याप चालूं आहे. शेतींतील पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कोणीं बेकायदा अडथळा घालून अडविला व त्यानें जमिनीची अगर पिकाची हानि होत असेल, तर तो अडथळा दूर करविण्याचा अधिकार त्या कायद्यानें तहसीलदारास आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत अर्ज पाहिजे. पुष्कळ अर्ज केवळ या मुदतीपायीं फेटाळले जातांना मीं पाहिले आहेत. माणसें पहिला पावसाळा शेजारधर्म म्हणून गप्प राहतात, आणि दुसऱ्या पावसाळ्यांत मुदत गेलेली असते. पहिल्याच पावसांत शेजाऱ्यास बोलावून पाणी दाखवावें, हें अर्जापेक्षां बरें. ज्यांची भिंत घातलेलीच आहे, त्यांनीं उताराच्या अंगास जमिनीच्या पातळीवर दर आठ-दहा फुटांवर वीतभर मोकळी जागा फोडून जाळी बसवावी. गवंड्यास दोन दिवसांचें काम आहे.

माझ्या पश्चिम अंगास आतां भेंड व निर्गुडी आहे. सिमेंटचे सतरा खांब शिल्लक होते. त्यांतील अकरा अजून मध्यें मध्यें उभे आहेत, भेंडाचीं खोडें तार पेलूं लागेपर्यंत. येत्या ज्येष्ठांत तेही काढीन.