आधी पाय द्यायला शिकवा

घोड्याच्या बाजारात माणसं आधी कान बघतात. दोन्ही कानांची टोकं वर एकमेकांना भिडली की मान डोलावतात. मग भोवरे शोधतात. देवमण आहे का, डोळ्याखाली आसूढाळ तर नाही ना? चारी पाय आणि कपाळ पांढरं असलं की पंचकल्याणी म्हणून किंमत वाढली. सारंगखेड्याला तापीच्या काठी दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथं मी कैक वर्षं जातोय. नुकरा, मारवाडी, काठेवाडी, सगळं बघून झालं. पण गिऱ्हाइकानं खाली वाकून चारी खूर उचलून बघितलेत, असं फार थोड्या वेळा दिसलं. साडेतीनशे किलोंचं जनावर ज्या चार वाट्यांवर उभं आहे, त्या वाट्या कुणी बघत नाही. भोवऱ्यानं घर बुडतं म्हणे. अहो, घोडा बुडतो तो खुरानं.

खूर म्हणजे नखच. महिन्याला साधारण आठ-नऊ मिलिमीटर वाढतं. रानात, खडकावर चरणाऱ्या जनावराचं ते आपसूक झिजतं. आपण नाल ठोकला की झिजणं बंद, वाढणं मात्र चालूच. म्हणून सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून खूर कापायचा, कानस मारायची, मग पुन्हा नाल. आपल्याकडं काय होतं? नाल पडेस्तोवर नालबंदाला बोलवायचंच नाही. तोवर पुढचं टोक चपलेसारखं लांबतं, टाच खाली बसते आणि मागच्या शिरेवर पावलोपावली ताण येतो. मग घोडा ठेचकाळायला लागला की म्हणायचं, ‘आळशी हाय.’ ठाणावर मूत आणि लीद तुंबलेली असते, त्यात उभं राहून तळाची पुतळी काळी पडते, कुजते, जवळ गेलं तरी वास येतो. रोज संध्याकाळी पाय उचलून खूर कोरायला पाच मिनिटं लागतात. घुंगरं आणि गोंडे घासायला तासभर वेळ असतो आपल्याकडं!

आमच्या शेजारगावात एकानं वीस महिन्यांचं शिंगरू आणलं. दिसायला देखणं. लग्नसराईच्या तोंडावर अंग भरावं म्हणून हरभरा, बाजरी, वरून गूळ, असा तोबऱ्यावर तोबरा. हालचाल कसली? दोन खांबांना आवळून बांधायचं आणि ढोलकीवर जागच्या जागी नाचवायचं. एके दिवशी ते पुढचे पाय लांब फेकून, सगळं वजन मागं घेऊन उभं राहिलं. हलेना. खुराला हात लावला तर कढत. चार जाणती जमली आणि निवाडा झाला, ‘छाती धरली.’ छाती मोकळी व्हावी म्हणून त्याला डांबरी रस्त्यावर फिरवलं. तेवढ्यानं भागेना, तर दोन्ही खांद्यांवर तापल्या सळईचे डाग दिले. दुखणं खुरात आणि डाग खांद्यावर!

या दुखण्याला डॉक्टर लॅमिनायटिस म्हणतात. खुराची भिंत आतल्या हाडाला ज्या नाजूक पापुद्र्यांनी धरून ठेवते, त्यांना सूज येते. पकड सुटली की हाड खाली कलतं. ते एकदा कललं की घोडा जन्माचा अधू होऊ शकतो. अतोनात दाणा हे याचं एक ठळक कारण. अशा वेळी पहिल्याच दिवशी डॉक्टर आणायचा, दाणा बंद, खूर बर्फाच्या पाण्यात आणि पायाखाली मऊ वाळू. फिरवायचं तर अजिबात नाही. यात कुठं लाखांचा खर्च आहे? त्या शिंगराचं पुढं असं झालं, की डागांवर केस यायच्या आधीच ते दुसऱ्या बाजारात विकलं गेलं. घेणाऱ्यानंही भोवरेच बघितले असतील.

आता शिकवण्याचं बोलू. गोऱ्हा घेताना आपण दात बघतो. अदत आहे म्हटलं की शहाणा शेतकरी त्याच्यावर जड औत टाकत नाही, चार दिवस थांबतो. तोच शेतकरी अदत शिंगरावर खोगीर टाकतो आणि वर ऐंशी किलोंचा नवरदेव बसवतो. घोड्याचे दुधाचे पहिले दात पडतात अडीच वर्षांनी आणि तोंड पुरतं होतं पाचाव्या वर्षाच्या सुमारास. गुडघ्याजवळची हाडं अडीच वर्षांपर्यंत कच्ची असतात, पाठीच्या मणक्यांना तर त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. मग दीड वर्षाच्या पोराला दोन पायांवर उभं करून कुणाची हौस फिटते?

शहरातल्या मंडळींनी इथं ‘खेड्यातले लोक अडाणी’ म्हणून सुटू नये. मुंबईतल्या व्हिक्टोरिया 2015 साली न्यायालयानं बेकायदा ठरवल्या, तेव्हा टाळ्या पडल्या. त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांच्या घरच्या वरातीत डीजेपुढं, तापल्या डांबरावर, नाचरा घोडाच लागतो. साधा चालणारा चालत नाही. खांबाला बांधून नाचवणारा गावात असतो, पण मागणी कुठून येते?

माझा आजा शिंगरू महिन्याचं झालं की त्याला एकच गोष्ट शिकवायचा, पाय द्यायला. खांद्यावरून हात खाली नेत नेत खुराशी न्यायचा, पाय एक क्षण उचलायचा आणि शिंगरू शांत असतानाच खाली ठेवायचा. उद्या दोन क्षण. त्यानं झटका मारला तर मारायचं नाही, सोडायचंही नाही. पुढं खुरावर दगडानं हळू टकटक करायचा, म्हणजे नालबंदाच्या हातोडीचं भय राहत नाही. म्होरकीची ओढ, शेजारी चालणं, थांबणं हे सगळं त्यानंतर. पाठीवर माणूस चौथ्या वर्षी, तोही हलका. आमच्या घोडीच्या नालबंदीला कधी दुसरा माणूस धरायला लागला नाही. आज बघा, वरच्या ओठाला दोरीचा पीळ, चौघं अंगावर, नाहीतर पाय बांधून सरळ आडवा पाडायचा. वळवळत्या पायात खिळा तळाच्या पांढऱ्या रेघेच्या आत जिवंत भागात गेला, की पू धरतो. त्यात दोष नालबंदाचा किती आणि पाय न शिकवणाऱ्याचा किती?

मला सांगतात, ‘भाऊ, हा पोटाचा धंदा हाय. चार वर्षं फुकट कोण खाऊ घालील?’ प्रश्न खोटा नाही. हातावर पोट असणाऱ्याला मी थांब म्हणतो तेव्हा त्याची अडचण मला दिसते. पण हिशेब पुरा मांडा. दीड वर्षाला जुंपलेला घोडा सहाव्या वर्षी लंगडा होऊन मातीमोल जातो. चौथ्या वर्षी जुंपलेला, खूर राखलेला घोडा विशीपर्यंत कमावून देऊ शकतो. आणि ज्याला खरंच थांबणं परवडत नाही, त्यानं शिंगरू घेऊ नये, आठ वर्षांचा जाणता घोडा घ्यावा. तो स्वस्तही पडतो.

गेल्या यात्रेत एका व्यापाऱ्याला म्हटलं, ‘जरा पुढचा उजवा पाय उचलून दाखवा.’ तो हसला. ‘पाय नाय देत तो अजून, शेठ. पण नाच बघा!’ आणि त्यानं ढोलकीवाल्याला हाक मारली.